पुढील सूचना मिळेपर्यंत

माझं अक्षर चांगलं, एवढाच माझा गुन्हा.
म्हणून सोयाबीन प्लांटच्या वजनकाट्यावरचा मी कारकून
सतरा वर्षांपासून गेटाजवळच्या फळ्याचाही धनी:
पोळ्याची सुट्टी, बोनसची तारीख,
'टाकीजवळ बिडी ओढू नये',
आणि कवडू नेहारे रिटायर झाला तेव्हा
रंगीत खडूनं काढलेला झेंडू.

यंदा दिवाळीनंतर गाड्या
आधी नऊ, मग चार, मग एक,
तीही चुकून आल्यासारखी. काट्यावर चढून
ड्रायव्हर विचारतो, "चालू हाय ना बाप्पा?"
मी पावती फाडतो.
पावती फाडणं हे उत्तर नाही,
पण आवाज तरी होतो.

नागपूरहून फोन. कंपनीनं नेमलेली कोणी मुलगी,
आवाज गोड, माझ्या पुतणीएवढी असेल.
ती सांगते, मी पाठकोऱ्या पावतीवर उतरून घेतो:
'बंद' म्हणायचं नाही, 'विराम' म्हणायचं.
'कपात' नको, 'फेररचना'.
सुरुवात 'प्रिय परिवार सदस्यहो'.
आणि काका, शेवटी काहीतरी सकारात्मक.

मी लिहिलं. पट्टी लावून, ओळ न ओळ सरळ.
'प्लांट तूर्तास विरामावर आहे.'
बॉयलरवाला डोमाजी उरकुडे वाचून म्हणाला,
"विराम म्हंजे पूर्ण का अर्धा?"
सगळे हसले, मग ते हसू
उरलेल्या भाजीसारखं
डब्यात झाकून घरी घेऊन गेले.

तसं फळा वाचतो कोण.
लोक वाचतात कॅन्टीनचं दूध, पाच लिटरचं दोन झालेलं.
वाचतात मॅनेजरसाहेबांच्या क्वार्टरपुढचा टेम्पो:
गाद्या, तुळशीची कुंडी, आणि
भर डिसेंबरात कूलर.
"हिवाळ्यात कूलर कायले नेते हो?"
याचं उत्तर सगळ्यांना आलं. कोणी दिलं नाही.
टपरीवर एक म्हणे गुजरातवाल्यानं घेतला,
दुसरा म्हणे इथं गोडाऊन होते,
तिसऱ्याच्या साळ्यानं तर कागदच पाह्यला.
भोंगा मात्र सातला वाजतो अजून,
तो थांबवायची ऑर्डर कोणी काढलेली नाही.

मग देवकाबाई भोयर आली, आवार झाडणारी.
"भाऊ, मले वाचता येत नाही, वाचून दाखव."
मी मोठ्यानं वाचायला लागलो.
लिहिताना जे शब्द मुकाट बसले होते
ते तोंडातून निघताना लाजायला लागले.
'परिवार' म्हणताना मी तिच्याकडं पाहिलं नाही.
तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "समजलं," म्हणाली,
"पण नातीनीच्या क्लासची फी भरू का थांबू,
थे कोनत्या ओळीत हाय?"

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी आलो.
सगळं पुसलं. पट्टी टेबलातच राहिली.

'मलेही माईत नाही.
जानेवारीचा पगार होते का नाही, माईत नाही.
कळलं का पहिले इथं लिहीन,
मंग घरी सांगीन.'

सतरा वर्षांत पहिल्यांदा ओळी उतरत्या गेल्या,
शेवटचा शब्द चौकटीवर आदळला.
डोमाजी वाचून काहीच बोलला नाही.
त्यानं खिशातली तंबाखू पुढं केली. मी खात नाही. घेतली.

दहाला फोन. मुलगी रागावेल वाटलं होतं.
"काका, फोटो वर गेला. पुसावं लागेल."
बराच वेळ लाइनीवर नुसता पंख्याचा आवाज,
मग हळूच, कोणी ऐकू नये तसं:
"आमच्याही ऑफिसात कोणी काही सांगत नाहीये."
मी विचारलं, "जेवलीस का बाई?"
दुसरं काय विचारणार.

पुसला.
तेव्हापासून फळा कोरा. वरून मजकूर येत नाही,
आणि माझ्या मनचं लिहायची परवानगी नाही.
देवकाबाई रोज सकाळी गेटात थांबते.
"झालं का माईत?"
"नाही."
"बरं," म्हणते आणि झाडू उचलते.

काल ती न विचारताच पुढं गेली.
मी काट्यावरून उतरलो, मागून हाक मारली,
"बाई, नाही अजून."